भाराभर चिंध्या

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायचा, हा आमच्या सांगलीच्या घरातला नेम. गेल्या दिवाळीत माळ्यावरची जुनी पत्र्याची ट्रंक खाली घेतली आणि आवरणं तिथंच थबकलं. ट्रंकेत माझीच अर्धी राहिलेली कामं होती. मोजली तर सात भरली. नणंदेच्या मुलीच्या रुखवतासाठी घेतलेलं क्रोशाचं तोरण. ती मुलगी आता दोन लेकरांची आई आहे. हूक लावायचे राहिलेले दोन ब्लाउज. भाचीच्या बाळासाठी बेतलेलं झबलं आणि झालरीवाचून राहिलेली कुंची. कशिदा अर्धाच झालेला उशीचा अभ्रा. आणि सगळ्यांत तळाशी, आईच्या दोन लुगड्यांची अर्धी वाकळ.

घरात हशा पिकला. यजमान म्हणाले, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या!’ मीही हसले. पण रात्री ती वाकळ मांडीवर घेऊन बसले, तेव्हा त्या म्हणीचा पहिल्यांदाच राग आला. ज्यानं कुणी ती रचली, त्यानं वाकळ शिवलेली नसणार. भाराभर चिंध्यांतून एक धड वस्तू करणं, हेच तर आपल्याकडच्या बायका पिढ्यानपिढ्या करीत आल्या आहेत. मग त्यांच्या हातून काही पुरं होत नाही असं आपल्याला का वाटतं? आणि जे पुरं होतं, त्याची किंमत कुणाच्या लक्षात का येत नाही?

माझं माहेर साताऱ्याचं. दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली आईचं पायमशीन असे. हप्त्यानं घेतलेलं. त्या मशीननं आम्हा भावंडांच्या शाळेच्या फिया भरल्या, धाकट्या भावाला पुण्याला शिकायला पाठवलं. पण कुणी विचारलं तर आई म्हणे, ‘काही नाही हो, फावल्या वेळात शिवते झालं.’ तिचा हा फावला वेळ मी लहानपणी फार शोधला. पहाटे पाण्यापासून रात्री विरजण लावेपर्यंत तो कुठंच दिसत नसे. तो तिनं कामांच्या फटींतून काढलेला असे.

आज मागं वळून पाहताना कळतं की, तिच्या त्या शिवणाला एक पक्की व्यवस्था होती. बेतणं आणि कातरणं शनिवारी दुपारी, सगळे जेवून पांगल्यावर. कारण कात्री चालवताना मध्ये उठलं की माप चुकतं आणि दुसऱ्याचं कापड वाया जातं. मशीनवरच्या टिपा उजेड असेतो. तुरपाई, काजं, बटणं संध्याकाळी, आमचा अभ्यास घेता घेता. साडीला फॉल लावणं शेजारणींशी बोलताना. आणि वाकळ उन्हाळ्यात, कारण धुतलेली जुनी लुगडी खडखडीत वाळायला ऊन हवं आणि अंथरायला अंगण हवं. कुठलं काम किती वेळा मोडलं तरी चालेल, यावर तिनं कामांची वर्गवारी केली होती. एखाद्या कारखान्यात हेच काम करणाऱ्याला नियोजन अधिकारी म्हणतात आणि पगार देतात.

या हिशेबानं पाहिलं तर वाकळ ही मोठी शहाणी वस्तू आहे. खालीवर एकेक लुगडं, मध्ये जीर्ण कापडाचे थर, आणि सगळ्याला धरून ठेवणारा साधा धावदोरा. या टाक्याचा गुण असा की, तो कुठंही थांबवता येतो. पोर रडलं, दूध उतू गेलं, दारात कुणी आलं, की सुई तशीच खोचून उठावं आणि परत येऊन तिथूनच पुढं निघावं. काही बिघडत नाही. बंगालच्या कांथ्यातही हाच टाका, सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कौदीतही हाच. मला वाटतं, ज्यांना सलग बसायला कधी मिळालंच नाही, त्यांनीच ही कला घडवली आणि आपल्या मोडक्या वेळाच्या मापानंच ती घडवली.

हे झालं कौतुकाचं. आता हिशेबाचं.

ट्रंकेतली वाकळ पुरी करायचं ठरवलं तेव्हा मी शेजारी घड्याळ ठेवलं. वाकळ पाच फूट रुंद, सात फूट लांब. बोटभर अंतरानं ओळी घातल्या तर साधारण पंचाहत्तर ओळी होतात. म्हणजे दीडशे मीटरच्या वर शिवण, तीही थरांतून सुई ओढत. मला एका ओळीला पंचवीस मिनिटं लागली. पंचाहत्तर ओळींचे एकतीस तास झाले. रोज दुपारी दीड तास धरला तर एकवीस दुपारी. पहिल्याच दुपारी मी किती वेळा उठले तेही लिहून ठेवलं: कुरिअरवाला, सासूबाईंचं औषध, वाळवणावर आलेली माकडं, गॅसवरचा कुकर आणि एक फोन. पाच वेळा. दीड तासाला सव्वादोन तास लागले.

आणि मग मला मागचा हिवाळा आठवला. आमच्या गल्लीतल्या एका बाईंकडून मी एक वाकळ शिवून घेतली होती. त्यांनी आठशे सांगितले, मी सहाशेवर आणले. ‘कापड तर माझंच आहे,’ हा माझा युक्तिवाद. सहाशेला एकतीसनं भागलं तर तासाला एकोणीस रुपये पडतात. एवढ्यात आज एखादी रीळ आणि सुयांचं पाकीट येईल. राहिलेले दोनशे घेऊन मी ओशाळून त्यांच्याकडे गेले, तर त्या संकोचानं म्हणाल्या, ‘अवो ताई, बसल्या बसल्याच केलं की. त्याला कशाला पैसं?’

माझ्या आईचा ‘फावला वेळ’ आणि यांचं ‘बसल्या बसल्या’ यांत फरक नाही. घेणारी वेळ मोजत नाही हे तर खरंच. पण शिवणारीही मोजत नाही. आईच्या हिशेबाच्या वहीत दोऱ्याची रिळं होती, बटणं होती, अस्तराचं कापड होतं, मशीनचं तेल होतं. तास नव्हते.

ज्याचे तास मोजले जात नाहीत, ते काम गणलं जात नाही. आणि संकटात हे फार महागात पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर सांगलीत शिरला. नदीकाठच्या वस्त्यांत दिवसच्या दिवस घरं पाण्यात राहिली. आमच्या ओळखीच्या एका घरात शिवणयंत्र पाण्यात होतं. पाणी ओसरलं तेव्हा त्याची चाकं गंजून गच्च झाली होती, आणि गिऱ्हाइकांचे बेतलेले ब्लाउज चिखलात कालवले गेले होते. नुकसानीची यादी करायला माणसं आली. त्यांनी पंखा लिहिला, मिक्सर लिहिला आणि त्याखाली शिवणयंत्र लिहिलं. घरगुती सामान! ते यंत्र घरात होतं, म्हणून घरगुती. हेच यंत्र बाजारपेठेतल्या एखाद्या गाळ्यात असतं, तर ते धंद्याचं साधन ठरलं असतं. यादी करणाऱ्यांना तरी काय दोष द्यावा? त्या घरातले कर्ते पुरुषही तिथंच उभे होते आणि त्यांनाही यात काही वावगं वाटलं नाही.

हा प्रश्न नवा नाही, आणि त्याला भिडणारी माणसंही आपल्याच मातीत झाली. आजच्या सांगली जिल्ह्यातले काही तालुके एके काळी साताऱ्याचाच भाग होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. या जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेल्या रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं केलं. बाईच्या हाती शिक्षणाबरोबर पोटापुरतं कसब असावं, हा त्यामागचा विचार. शिवणकामाचा वर्ग म्हणजे त्या काळी उंबऱ्याबाहेर पडायची एक सभ्य वाट होती. यंत्रयुगाचे टीकाकार गांधीजी, पण १९२४ साली एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद केलं होतं. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरनं ते बनवलं, अशी कथा त्यांनी सांगितली होती. सिंगरचं प्रत्यक्ष चरित्र या कथेशी फारसं जुळत नाही. पण कष्ट कमी व्हावेत म्हणून यंत्र असावं, हा गांधीजींचा मुद्दा खराच होता.

गंमत अशी की, यंत्रानं टाका झपाट्यानं पडू लागला, पण बाईचा वेळ काही सलग झाला नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरचं बिनमोबदला काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७, असं दिसलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पुरुषाची नऊ! म्हणजे वाटणी तिथंच राहिली.

अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ स्थापन केली. गिरण्यांच्या चिंध्या जोडून गोधड्यांच्या खोळी शिवणाऱ्या बायका तिथं पुढं एकत्र आल्या आणि दर नगामागं मजुरी वाढवून मागू लागल्या. ‘आम्ही घरी बसलेल्या नाही, घरी काम करणाऱ्या आहोत,’ एवढंच त्यांना पटवून द्यायचं होतं. घरून काम करणाऱ्यांनाही कामगार माना, असं सांगणारा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली केला. भारतानं मात्र त्यावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आपल्या साताऱ्याकडे पाहावं तर १९९७ साली दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक काढली. संस्थापक बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आधी परवाना नाकारला गेला होता. त्यांनी साक्षरतेचे धडे गिरवले आणि ‘व्याजाचा हिशेब तोंडी विचारा, कागदापेक्षा आधी सांगू’ अशा अर्थाचं आव्हान देऊन परवाना मिळवला, ही हकिकत आता सर्वश्रुत आहे. मला तिच्यापेक्षाही महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. बँकेत यायचं तर दिवसाचं काम बुडतं, हे बायकांनी सांगितलं, तेव्हा बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. बाईकडे पैशाइतकीच वेळेची चणचण आहे, हे ओळखणारी संस्था विरळाच.

सरकारी योजना वेळेचा विचार करीत नाहीत. २०२३ साली आलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आहे, प्रशिक्षण काळात दिवसाला पाचशे रुपये भत्ता आहे, पाच टक्के व्याजानं कर्ज आहे. हे चांगलंच आहे. पण प्रशिक्षण संपवून मशीन घरी आल्यावर ते चालवायचं कधी? त्याचं उत्तर सरकारच्या कुठल्याही फॉर्मवर नसतं. ते घरातल्या माणसांनीच द्यायचं असतं.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. घरी शिवणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या वहीत दोऱ्या-बटणांच्या शेजारी तासांचा एक रकाना आखावा. भले त्याचे पैसे लगेच मिळणार नाहीत, पण आकडा डोळ्यांसमोर राहील आणि भाव सांगताना जीभ अडखळणार नाही. बचत गटाच्या प्रदर्शनात वाकळ, पिशवी, झबलं विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, घासाघीस करण्याआधी मनात एवढा भागाकार करावा. मॉलमध्ये छापील किंमत मुकाट देणारे आपण, हातशिलाईपुढंच कसे व्यवहारी होतो? आणि घरातल्या बाकीच्यांनी रोजचे दोन तास सलग सोडावेत. त्या दोन तासांत दाराची बेल त्यांनी पाहावी, कुकरच्या शिट्ट्या त्यांनी मोजाव्यात, आजीचं औषध त्यांनी द्यावं. माझ्या आईला नवं मशीन हवं होतं, असं मला आता वाटत नाही. तिला तेवढा सलग वेळ हवा होता, आणि तो आम्ही कुणीही तिला दिला नाही. आमच्या फिया मात्र तिनं वेळेवर भरल्या.

ती वाकळ मी संक्रांतीला पुरी केली. आईनं घातलेल्या ओळी कुठं संपल्या आणि माझ्या कुठं सुरू झाल्या, ते सहज दिसतं; तिचा टाका बारीक आणि सारखा आहे, माझा जरा लांबट. मध्यावर एके ठिकाणी तिचा धावदोरा एकदम थांबलाय. कशासाठी उठली असेल ती? आमच्यापैकीच कुणीतरी हाक मारली असणार.

यजमानांनी वाकळ पाहिली, हात फिरवला आणि म्हणाले, ‘छान झाली. किती दिवस लागले?’ मी म्हटलं, ‘दिवस नका विचारू, तास विचारा.’ आणि वही त्यांच्यापुढं ठेवली.