‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी

सप्टेंबर हा हिशेब विचारायचा महिना. मार्चअखेरचा जमाखर्च ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे बंधन सहकारी साखर कारखान्याला आहे, तसेच शेअर बाजारातल्या कंपनीलाही. तेलगावचा लोकनेते सुंदररावजी सोळंके कारखाना जवळच असलेल्या दिंद्रुड गावच्या लोकांना सभासद म्हणजे काय हे सांगायला नको.

राज्यात कुठेही जा, सभेचे चित्र बहुधा तेच. मंडप, हारतुरे, भाषणे. मग विषयपत्रिकेचे वाचन सुरू होते आणि विषय पुरता वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगांतून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो. ताळेबंद, लेखापरीक्षकाचे शेरे, नवी कर्जे, सगळे त्या गजरात पार पडते. उसाची एफआरपी (किमान रास्त दर) चौदा दिवसांत का मिळाली नाही, हे विचारायला उठलेल्याच्या हाती माईक येईपर्यंत राष्ट्रगीत सुरू झालेले असते. सवलतीच्या साखरेची पावती मात्र कोणी विसरत नाही!

कंपनीत मताला शेअरच्या संख्येचे वजन. सहकारात पन्नास एकरवाल्याला आणि दोन एकरवाल्याला एकच मत. म्हणजे लोकशाही इकडे जास्त, तरी धाक तिकडच्या मताचा. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सने नफा अपुरा असताना तीन बड्या अधिकाऱ्यांना मर्यादेबाहेरचा मेहनताना द्यायचे ठराव मांडले. विशेष ठरावाला लागणारी पंचाहत्तर टक्के मते मिळाली नाहीत, ठराव आपटले. मे २०२४ मध्ये नेस्ले इंडियाने स्विस मूळ कंपनीची रॉयल्टी साडेचारवरून टप्प्याटप्प्याने सव्वापाच टक्क्यांवर न्यायचा ठराव आणला. हितसंबंधांमुळे मूळ कंपनीला त्यावर मत देता येत नव्हते. बाकीच्या भागधारकांनी तो पाडला. तिथे मते मोजली जातात.

गावात बसून म्युच्युअल फंडात एसआयपीचा दरमहा हप्ता भरणाऱ्याचाही यात वाटा आहे. त्याच्या पैशातून शेअर घेणाऱ्या या फंडांना १ एप्रिल २०२२ पासून प्रत्येक ठरावावर मतदान सक्तीचे आहे आणि ते जाहीरही करावे लागते. ज्यांचे स्वतःचे डिमॅट खाते आहे, त्यांना मोबाइलवरून मत देता येते; पण त्यासाठी येणारा ई-मेल बहुतेक जण न उघडताच पुसतात.

सभासदांनी यंदा अहवाल मंडपात चाळण्याऐवजी घरी वाचावा. प्रश्न लेखी द्यावा, पोच घ्यावी, विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवायला लावावा. आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांचे पानच अहवालात सापडले नाही, तर पहिला प्रश्न तोच विचारावा.