परिचयपत्रातील एक राहिलेली ओळ



वधू-वर परिचय मेळाव्याच्या पत्रकात शिक्षण, उत्पन्न, उंची, मामेकूळ सारे असते. रक्ताविषयीची एक ओळ मात्र नसते. ती का असावी, हे आज पाहू.

आपल्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. प्राणवायू वाहणाऱ्या या पेशी आणि रोगजंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी एकाच मूलपेशीच्या लेकी. जनुकांचा वारसाही सारखाच. मग वाटा वेगळ्या का होतात?

हे ठरवितात ‘ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर’ ही नियामक प्रथिने. डीएनएवर ठरावीक जागी बसून ती काही जनुकांना जागे करतात, काहींना निजवितात. ‘गाटा-१’ प्रबळ झाले की पेशी तांबडी होण्याच्या मार्गाला लागते. ‘पीयू-१’ प्रबळ झाले की अनेक प्रकारच्या पांढऱ्या पेशी घडतात.

‘बीसीएल-११ए’ हे असेच एक प्रथिन. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन निराळे असते. जन्मानंतर काही महिन्यांत हे प्रथिन त्याचे जनुक शांत करते व प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेते. परंतु ज्याला माता-पिता दोघांकडून बीटा थॅलेसेमियाचे सदोष जनुक मिळाले, त्याचे प्रौढ हिमोग्लोबिन पुरेसे बनत नाही. जन्मतः टवटवीत असलेले बाळ फिकट पडू लागते. आजार तीव्र असल्यास त्याला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते.

या प्रथिनाचे हे कार्य २००८ मध्ये बोस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन व विजय शंकरन यांच्या गटाने दाखविले. मग ते प्रथिनच काढून का टाकू नये? कारण प्रतिपिंडे बनविणाऱ्या बी-पेशींच्या जडणघडणीला तेच आवश्यक आहे. एका अपेक्षेने अडसर, दुसऱ्या अपेक्षेने आधार! अनेकांताच्या अभ्यासकाला याचे नवल वाटू नये. म्हणून संशोधकांनी, केवळ तांबड्या पेशींच्या घडणीत या जनुकाला चालना देणारा डीएनएचा छोटा भाग निकामी केला. या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने सर्वप्रथम मान्यता दिली.

मात्र अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर आहे आणि आधी तीव्र केमोथेरपी सोसावी लागते. त्यापेक्षा आधीची दक्षता सोपी. ‘हिमोग्लोबिन ए-२’ ही साधी रक्तचाचणी वाहक कोण ते सांगते. वाहक स्वतः सहसा निरोगीच असतो. त्यात लांच्छन काही नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरीक करणाऱ्या समाजात असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो.

गर्भधारणेनंतर हे कळले, तर अहिंसा मानणाऱ्या कुटुंबापुढे असह्य पेच उभा राहतो. विवाहापूर्वी कळले, तर केवळ विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागतो. परिचयपत्रात ही एक ओळ वाढवूया.