जुना वॉशर काढलात का?

माझ्याकडे गाडी नाही आणि कधी नव्हती, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना पाठ झालं असेल. तरी गाडी बिघडली की कणकवलीचा भाचा फोन करतो तो मलाच. ‘‘मामा, गाडी काळो धूर मारता. नोझल गेले. गणपतीक माणसां कशी नेतलंय?’’ गाडी म्हणजे त्याची चौदा वर्षांची बस. लालबाग-परळचे चाकरमानी तिच्यात चढतात तेव्हा तिचं वय कुणी विचारत नाही, खिडकी मिळेल का एवढंच विचारतात. या प्रकरणात माझी लायकी एकच. मी गिरगावात राहतो आणि सुट्या भागांचा बाजार ऑपेरा हाउसला, म्हणजे चपला घालून निघालो की दहा मिनिटांवर.

आता थोडं ज्ञान. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि त्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. फवारा सोडणारा तो इंजेक्टर, आणि त्याचं भोकाभोकांचं टोक म्हणजे नोझल. बाजारात अख्ख्या प्रकरणालाच नोझल म्हणतात. सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनात एक पंप सहा पाइपांतून सहा नोझलना डिझेल पुरवतो आणि साधारण 200 बार दाबाला नोझल उघडतं. हल्लीच्या कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब 1600 बारच्याही वर जातो, त्यामुळे इकडचं तिकडे बसत नाही. आपल्याकडे हे सामान बनवायला 1951 मध्ये बंगळुरूत ‘मायको’ निघाली. तिचं नाव 2008 मध्ये ‘बॉश’ झालं, पण काउंटरवर आजही लोक मायकोचंच मागतात. ज्ञान संपलं.

भाचा बस घेऊन मुंबईत आला आणि आम्ही बाजार गाठला. दुकानात शेठनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘ओरिजिनल देऊ की चालू?’’ ‘चालू’ हा मुंबईच्या बाजारातला थोर शब्द. चालू माल घेतला की गाडी बंद पडते. तिसरा पर्याय रिकंडिशनचा, म्हणजे जुनीच बॉडी साफ करून आत नवं टोक. भाचा किमतीकडे बघत होता, मी शेठच्या चेहऱ्याकडे. शेवटी शेठच कंटाळले. ‘‘आधी जुन्याचा नंबर आणा,’’ म्हणाले.

नंबर नोझलच्या गळ्यावर असतो, तांदळावर नाव कोरतात तेवढ्या अक्षरांत. भिंग लावून वाचला : डीएलएलए 150, पुढे पी आणि आणखी आकडे. हे 150 म्हणजे फवारा किती अंशांत फाकतो ते. शेजारच्या दुकानातलं ‘चालू’ दिसायला जुळं भाऊ, पण नंबर वेगळा. बसलं असतं झकास. फवारा मात्र पिस्टनच्या वाटीत पडायच्या ऐवजी भलतीकडे पडला असता.

मग एका पंप-नोझलवाल्या काकांच्या गाळ्यात गेलो. त्यांच्याकडे हातपंपासारखा दांडा असलेलं यंत्र. नोझल लावायचं, दांडा दाबायचा, घड्याळाचा काटा चढत जातो आणि 200 च्या आसपास ‘किर्रर्र’ आवाज होऊन समोर धुकं उठतं. मी बोट पुढे करणार तोच काकांनी मनगट धरलं. ‘‘साहेब, हा फवारा कातडीतून आत जातो. मग बोट कापायची वेळ येते.’’ मी दोन्ही हात खिशात घातले. भाच्याच्या सहातली दोन नोझलं धुक्याऐवजी थेंब गाळत होती, आमच्या चाळीतल्या मोरीच्या नळासारखी. ‘‘दोनच बदलू?’’ भाच्यानं विचारलं. काका म्हणाले, ‘‘सहा घोडे जोडलेत, दोनच ताजे आणून काय करणार? सेट बदला. आणि बॉडी एकाची, सुई दुसऱ्याची असं कधी करू नका, ती जोडी घासूनच बनवलेली असते.’’ सहाच्या सहा बदलली आणि सहाही दाबावर तपासून घेतली. ओरिजिनल. भाच्याचा चेहरा पडला, पण माझी छाती फुगली.

परळच्या एका गल्लीत मेकॅनिकनं ती बसवली. सेल मारला. काळा धूर! समोरच्या बाल्कनीतल्या आजींनी वाळत घातलेलं लुगडं ओढून घेतलं आणि आमच्या खानदानाबद्दल दोन शब्द सांगितले.

मग मेकॅनिकनं जुनी युक्ती काढली. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप सैल करायचा. पहिला, दुसरा, तिसरा : इंजिन अडखळायचं, धूर तसाच. चौथा सैल केला आणि धूर बसला. चौथं नोझल उपसून भोकात टॉर्च मारला. तळाशी तांब्याचा जुना वॉशर चिकटून बसला होता. त्याच्यावर नवा टाकून नोझल कसलेलं. दोन वॉशर, म्हणून नोझल जेमतेम कपड्याच्या बटणाएवढं वर राहिलं, म्हणून फवाऱ्याची जागा चुकली. अख्खा आठवडा आम्ही नोझल निवडण्यात घालवला आणि घोळ निघाला कटिंग चहाच्या भावाच्या चकतीत.

माझे वडील चाळीतले नळ स्वतः दुरुस्त करत. शेजारच्या घरातल्या कुणी ‘नवा वॉशर घातला तरी गळतोय’ म्हटलं, की न उठता विचारायचे, ‘‘जुना काढलास का?’’ दहातल्या आठ वेळा काढलेला नसायचा.

तेव्हापासून मला जिथे तिथे दोन वॉशर दिसताहेत. आमच्या जिन्याच्या कठड्याला रंगाचे इतके थर आहेत की खरा कठडा आत बोटाएवढा उरला असावा. मीटरखोलीत नवी वायर जुन्या वायरीला मिठी मारून वर गेली आहे. ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, पण रूळ उपटायच्या ऐवजी बऱ्याच ठिकाणी वर डांबर ओतलं. काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी खोदलं तर ते खालून वर आले. दादरला ट्राम नाही, तिचं टर्मिनस नाही, पण टॅक्सीवाल्याला खोदादाद सर्कल सांगून बघा. तो विचारील, ‘‘म्हणजे टीटी ना?’’ एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं प्रभादेवी झालं 2018 मध्ये. पाटी बदलली, तोंडातलं नाव खाली चिकटून आहे. नावांचं एक वेळ चालतं, त्यानं धूर होत नाही. माझ्या वहीत मात्र गेल्या वर्षीच्या न केलेल्या कामांच्या यादीवर या वर्षीची यादी लिहिली आहे. तिथून धूर येतो.

भाच्यानं जुनी चकती खरवडून काढली, बैठक साफ केली, सहाही ठिकाणी एकेकच नवा वॉशर घातला. बस गणपतीच्या आधी निघाली. आजींनी लुगडं आत घेतलं नाही.

तुमच्याकडे या आठवड्यात कुणी काही नवं बसवायला आला, तर भाव नंतर विचारा. आधी जुना वॉशर त्याच्याकडून हातात मागून घ्या.