कठोर शब्द कोणीं कोणास बोलावा?

ख्रिस्ती मनुष्यानें दुसऱ्यास कठोर शब्द बोलावा किंवा नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. डोंगरावरील प्रवचनांत प्रभु येशूनें भावास मूर्ख म्हणणें हें मनुष्यहत्येच्या पंक्तीस बसविलें आहे. मग पुढें बोलावयास जागा ती कोठें? परंतु वर्गांतील चाणाक्ष विद्यार्थी लागलीच विचारतो कीं, मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायांत त्याच प्रभूनें शास्त्री व परूशी ह्यांस ढोंगी व आंधळे म्हटलें, त्याची वाट काय? ह्या विद्यार्थ्यास गप्प बसविणें उचित नव्हे. त्याचा प्रश्न खरा आहे.

आमच्या मतें त्याचें उत्तर शब्दांत नसून, कोण कोणास बोलतो ह्यांत आहे. प्रभूनें ज्यांची कानउघाडणी केली ते परके नव्हते, त्याच्याच समाजाचे पुढारी होते. दुबळे नव्हते, वजनदार होते. जक्कय जकातदार किंवा विहिरीवरील शोमरोनी स्त्री ह्यांच्याशीं बोलतांना तोच आवाज मृदु झाला. आपल्या बोलण्याची किंमतही त्यानें स्वतःच दिली. थोड्याच दिवसांत तो वधस्तंभावर होता. आणि तो अध्याय संपतो तो शापानें नव्हे, तर यरुशलेमेकरितां केलेल्या विलापानें. ज्याच्यासाठीं आपल्या डोळ्यांत पाणी येऊं शकत नाहीं, त्यास कठोर बोलण्याचा अधिकार आपणांस नाहीं, असें आम्ही समजतों.

हा भेद विसरल्यास काय होतें, ह्याचें उदाहरण मार्टिन लूथर ह्याच्या चरित्रांत आहे. १५२३ सालीं त्यानें, येशू हा जन्मानें यहूदी होता हें दाखवून, यहूदी लोकांशीं ममतेनें वागावें असें लिहिलें. पुढें त्याचें मन कडवट झालें, व १५४३ सालीं त्याच लेखणीनें त्यांचीं सभास्थानें जाळावीं असा उपदेश केला. येथें बोलणारा बलवान होता, आणि ज्यांच्याविषयीं बोललें गेलें ते असहाय होते. विसाव्या शतकांत नाझींनीं ते शब्द पुन्हां बाहेर काढिले. १९४६ सालीं न्युरेंबर्ग येथील खटल्यांत यूलिउस श्ट्राइखर ह्या आरोपीनें लूथरच्या त्याच पुस्तकाचा आधार घेऊन आपला बचाव केला. १९९४ सालीं अमेरिकेंतील इव्हँजेलिकल लूथरन मंडळीनें त्या लेखनाचा जाहीर त्याग केला. बोलणारा निघून जातो; शब्द मात्र चारशें वर्षांनींही हिशेब मागतो.

आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं हा विचार दूर जर्मनींत ठेवूं नये. मराठींत शिवी न देतांही मनुष्याचा अपमान करितां येतो. मुख्याध्यापकांस 'आपण' म्हणणारा मुलगा त्यांच्याच वयाच्या शिपायास 'अरे' म्हणून हाक मारितो. घरीं भोजनापूर्वीं प्रार्थना होते, आणि पानें वाढून होण्याच्या आंतच मोलकरणीवर कोणी खेंकसतो. उलट, जेथें बोलण्यास धैर्य लागतें, म्हणजे एखादा दांडगा मुलगा लहानास छळीत असतां किंवा मंडळींतील वजनदार गृहस्थ अन्याय करीत असतां, तेथें मात्र ख्रिस्ती सौम्यतेचें नांव पुढें करून मौन धरिलें जातें. बलवानापुढें मृदु व दुबळ्यापुढें कठोर, असा प्रभूचा क्रमच उलटा होतो.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, कठोर शब्द ख्रिस्ती मनुष्यास सर्वस्वी वर्ज्य नाहीं. पण तो वर जावा, खालीं जाऊं नये, आणि त्याचें मोल बोलणाऱ्यानें स्वतः भरावें. एवढें धैर्य अंगीं येण्यास वेळ लागेल. शिपायास 'अहो' म्हणण्यास मात्र कोणत्याही वर्गांतील मुलास उद्यांची वाट पाहण्याचें कारण नाहीं.