रेझ्युमेची पत

मराठी घरांत ‘बायोडेटा’ हा शब्द प्रथम येतो तो लग्नाच्या बोलण्यांतून. वर श्रीगणेशाचे नाव, त्याखाली जन्मतारीख, रास, उंची, मामांचे आडनाव आणि शेतीवाडीचा तपशील. अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून सॉफ्टवेअर क्षेत्रात पाऊल ठेवणारे अनेक तरुण नोकरीचा रेझ्युमेही नकळत याच धर्तीवर तयार करतात. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद, स्वभावातील गुण आणि अखेरीस ‘वरील सर्व माहिती सत्य आहे’ अशी स्वाक्षरीसह ग्वाही. एवढे सारे वाचूनही मूळ प्रश्न अनुत्तरितच राहतो : या उमेदवाराला नेमके काय करता येते आणि ते कशावरून मानावयाचे?

कर्जप्रस्ताव तपासणाऱ्या बँक अधिकाऱ्यालाही हाच प्रश्न पडत असतो. ‘धंदा उत्तम चालतो’ एवढ्या वाक्यावर कर्ज मंजूर होत नाही. ताळेबंद, विवरणपत्रे आणि खात्यातील उलाढाल पाहावी लागते. रेझ्युमे हाही एक प्रस्तावच होय. त्यातील प्रत्येक दाव्यामागे पुरावा असावा आणि ज्याला पुरावा नाही तो दावा उमेदवाराने स्वतःच खोडावा, हा त्याच्या लेखनाचा पहिला नियम म्हणावा लागेल.

सर्वाधिक दावे आढळतात ते कौशल्यांच्या यादीत. जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, एसक्यूएल, क्लाउड अशी वीस-पंचवीस नावे एका ओळीत येतात. त्यांतील किती अवगत आहेत आणि किती केवळ कानांवरून गेली आहेत, हे कळावयास मार्ग नसतो. मुलाखत घेणारा शितावरून भाताची परीक्षा करतो. यादीतील एखादेच नाव उचलून तो खोलात शिरतो आणि तेथे उत्तर अडले की उरलेल्या यादीवरचा विश्वासही उडतो. म्हणून नावे मोजकी असावीत आणि प्रत्येक नाव एखाद्या कामाशी जोडलेले असावे.

समजा, एका उमेदवाराने लिहिले, ‘बँकिंग प्रकल्पात डेटाबेसचा अनुभव’. दुसऱ्याने लिहिले, ‘दिवसअखेरीच्या ताळमेळ अहवालातील संथ क्वेरी शोधून योग्य इंडेक्स दिले; अहवालास लागणारा वेळ 40 मिनिटांवरून 12 मिनिटांवर आला’. काम दोघांचे सारखेच असेल; परंतु दुसऱ्या वाक्यात अडचण काय होती, उपाय कोणता केला आणि फरक किती पडला, या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. अर्थात आकडा मोजलेला असावा. अंदाजाने सजवलेला आकडा मुलाखतीत टिकत नाही. काम गटाने केले असेल, तर स्वतःचा वाटा कोणता हेही स्पष्ट लिहावे. चौघांच्या श्रमांवर एकट्याचे नाव घालणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

मांडणीविषयीही विवेक हवा. अर्जांची संख्या मोठी असल्याने बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी संगणकप्रणालीतून जातो. दोन स्तंभांची रचना, चौकटी, चित्ररूपातील मजकूर किंवा पाचपैकी चार तारे रंगवून दाखवलेले प्रावीण्य यांचा अर्थ त्या प्रणालीला लागेलच असे नाही. साधी शीर्षके, सरळ मजकूर आणि नवशिक्या उमेदवारासाठी एकच पान, एवढे पुरेसे होते. जन्मतारीख, आधार क्रमांक किंवा घरचा पूर्ण पत्ता अनोळखी हातांत देण्याचे तर काहीच कारण नाही.

2008 मध्ये सुरू झालेल्या गिटहबसारख्या संकेतस्थळामुळे पुरावा देणे सोपे झाले आहे. पासबुकात जशा तारीखवार नोंदी दिसतात, तसा तेथे कोड कसकसा घडत गेला हे दिसते. मात्र इतरांकडून उतरवून घेतलेल्या दहा प्रकल्पांपेक्षा स्वतः उभारलेला एक छोटा, चालणारा प्रकल्प अधिक मोलाचा असतो. येथे एक मर्यादाही पाळली पाहिजे. बँका, विमा कंपन्या किंवा रुग्णालये यांच्यासाठी केलेल्या कामाचा कोड, ग्राहकांची माहिती किंवा सुरक्षाव्यवस्थेचा तपशील खुल्या जागी येता कामा नये. जुन्या मालकाचे गुपित उघड करणाऱ्यावर नवा मालक विश्वास कसा ठेवील?

खरा कसोटीचा क्षण येतो तो नोकरी लांबते तेव्हा. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने परतफेड सुरू होते. ते वर्ष सरत आले की घरातील बोलणी बदलतात आणि पैसे घेऊन दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचा खोटा दाखला देणारे मध्यस्थ नेमके अशा वेळी भेटतात. ‘अनुभव नाही म्हणून कोणी दारात उभे करीत नाही’ ही तरुणांची तक्रार निराधार नाही. तथापि, खोटा दाखला हा त्यावरचा उपाय ठरत नाही. नेमणुकीपूर्वी किंवा नंतर पार्श्वभूमीची पडताळणी होते. 2014 पासून भविष्यनिर्वाह निधीच्या सदस्याला एकच सार्वत्रिक खाते क्रमांक मिळू लागल्याने आधीच्या नोकऱ्यांचा मागही लागू शकतो. लबाडी उघड झाली की नोकरी जाते, कर्जाचा हप्ता मात्र राहतो. आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्या अध्यायाचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

खरा अनुभव मिळवण्याच्या वाटा खडतर असल्या तरी बंद नाहीत. मुक्तस्रोत प्रकल्पांतील त्रुटी दुरुस्त करता येतात. 2005 पासून चालणाऱ्या गूगल समर ऑफ कोडसारख्या उपक्रमात अर्ज करता येतो. परिसरातील एखाद्या पतसंस्थेची किंवा ग्रंथालयाची लहानशी गरज भागवता येते. अशा कामाची एक ओळ उसन्या अनुभवाच्या तीन वर्षांहून वजनदार ठरते.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून सफाईदार इंग्रजी मजकूर कोणालाही क्षणात मिळू लागला आहे. त्यामुळे भाषेच्या झळाळीचे मोल घटले असून त्यामागील कामाचे वाढले आहे. मुलांच्या पदवीसाठी पै-पै जोडणाऱ्या पालकांनीही ‘पॅकेज किती?’ हे विचारण्यापूर्वी ‘या पानावरील प्रत्येक ओळ सिद्ध करता येईल ना?’ असे एकदा विचारावे. बँकेच्या व्यवहारात जी पत वर्षानुवर्षांच्या सचोटीने मिळते, तीच नोकरीच्या बाजारातही उपयोगी पडते, आणि तिची पहिली नोंद रेझ्युमेच्या पानावर होत असते.