इमारत कोण बांधणार ते सोडा, दहाव्या वर्षी वीजबिल कोण भरणार ते विचारा

माझे बाबा उद्यमबागेत एका फाउंड्रीत मोल्डर होते. अठ्ठावीस वर्षं. संध्याकाळी घरी आले की आई दारातच थांबवायची, "आधी वाळू झाडा, मग आत या." ती काळी वाळू मी लहानपणापासून बघतोय. ओतकामाला पुन्हा पुन्हा वापरून तिचा जीव गेला की ट्रॅक्टर भरून ती कुठंतरी खड्ड्यात, नाहीतर नाल्याकडेला जाऊन पडते.

एम.टेक.ला मी तोच विषय घेतला. ही टाकाऊ वाळू विटेत, पेव्हर ब्लॉकमध्ये घालता येईल का? आणि घातली तर पावसात तिच्यातून काय झिरपेल? विषय मार्गदर्शक सरांना आवडला, बाबांना तर फारच. आमच्या कॉलेजात तेव्हा एक 'संशोधन केंद्र' होतं. एका कंपनीशी करार करून उभारलेलं. फीत कापली होती, संगमरवरी पाटी होती, पाटीवर सगळ्यांची नावं होती. आत वाळूत कोणती खनिजं आहेत ते सांगणारं परदेशी यंत्र होतं. मी गेलो तेव्हा त्यावर हिरवं कापड होतं.

चौकशी केली. यंत्र बिघडलेलं नव्हतंच. देखभालीचा करार संपला होता. कंपनीत साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांना या केंद्रात रस नव्हता. कॉलेजच्या बजेटात त्या खर्चाला रकानाच नव्हता. मग नमुने पुण्याला पाठवायचे, नमुन्यामागे पैसे भरायचे, तीन-तीन आठवडे थांबायचं. वीस नमुने तपासायला हवे होते, माझ्या खिशाला पाच झेपले. प्रबंध झाला, डिग्री मिळाली, उत्तर काही मिळालं नाही. आज मी हैदराबादला वेगळ्याच विषयावर काम करतो. घरी गेलो की बाबा अजून विचारतात, "त्या वाळूचं काय झालं रे?"

मित्रांनो, हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे 'आपल्या भागात पीपीपीतून मोठी संशोधन संस्था झालीच पाहिजे' अशा पोस्ट आपण सगळे शेअर करतो. मीही करतो. मागणी रास्तच आहे. पण मागताना आपण इमारत मागतो, एकर मागतो, कोटी मागतो. संस्था मरते ती इमारतीअभावी नाही. ती मरते पाचव्या-सातव्या वर्षी, जेव्हा कुणीतरी हळूच यंत्रावर कापड टाकतं.

पीपीपी म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. सरकार आणि उद्योग दोघं मिळून पैसा घालणार. कल्पना नवी वाटते, पण आपल्याच राज्यातली सगळ्यात मोठी संशोधन संस्था याच वाटेनं आली आहे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये आपल्या मालमत्तेतला मोठा हिस्सा तिच्यासाठी देऊ केला. म्हैसूर संस्थानानं ३७१ एकर जमीन दिली, बांधकामाला पैसे दिले आणि शिवाय दरवर्षीचं अनुदान. तिसरा वाटा ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा, तोही दरवर्षीचा. हे सगळं कागदावर यायला १९०९ उजाडलं. म्हणजे अकरा वर्षं नुसती घासाघीस. दरम्यान १९०४ मध्ये जमशेटजी गेलेसुद्धा. पहिले विद्यार्थी १९११ मध्ये आले.

अकरा वर्षं म्हटल्यावर आपल्याला वाटतं, काय हा उशीर! पण त्या अकरा वर्षांत काय ठरलं ते बघा. टाटांनी एकरकमी चेक देऊन हात झटकले नाहीत. भाड्याचं उत्पन्न देणारी मालमत्ता दिली. देणारा माणूस गेला, तरी संस्थेच्या खात्यावर उत्पन्न येत राहिलं. संस्थेला स्वतःचं नाव द्यायचा आग्रहही त्यांनी धरला नाही, तरी बेंगळुरूचे जुने लोक आजही तिला 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात.

दुसरं उदाहरण इंदूरचं. तिथल्या मराठी घरांत होळकरांच्या गोष्टी पुष्कळ सांगतात, ही मात्र कमी सांगतात. १९२४ मध्ये तिथं वनस्पती-उद्योग संस्था सुरू झाली. होळकर दरबारानं सुमारे ३०० एकर जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिली. पैसा मुख्यतः भारतीय मध्यवर्ती कापूस समितीचा, आणि समितीचा पैसा कुठला? कापसाच्या गाठीमागे घेतलेल्या काही आण्यांच्या उपकरातला. शिवाय मध्य भारतातली संस्थानं वर्गणी देत होती. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड, आणि त्यांच्याबरोबर काम करत होते यशवंत वाड. शेतातला काडीकचरा आणि शेण यांपासून खत करायची 'इंदूर पद्धत' तिथंच तयार झाली. १९३१ मध्ये त्यावर दोघांच्या नावानं पुस्तक आलं आणि ती पद्धत जगभर गेली. मूळ पैसा कापसाचा, पण प्रश्न शेतकऱ्याच्या जमिनीचा घेतला गेला. कारण हॉवर्ड यांना मोकळीक होती आणि पैसा कुणा एका गिरणीमालकाच्या खिशातला नव्हता.

आता आजच्या काळात या. २०१० मध्ये केंद्रानं पीपीपीतून वीस ट्रिपल आयटी काढायचं ठरवलं. प्रत्येकीचा भांडवली खर्च १२८ कोटी. केंद्र ५० टक्के, राज्य ३५ टक्के, उद्योग १५ टक्के. जमीन राज्यानं फुकट द्यायची. हिशेब केला तर उद्योगाच्या वाट्याला येतात १९ कोटी २० लाख. आपल्या शेजारची धारवाडची ट्रिपल आयटी यातलीच, २०१५ ला सुरू झालेली. तिची उद्योग-भागीदार कोण? कीऑनिक्स. म्हणजे कर्नाटक सरकारचंच महामंडळ! वडोदऱ्याच्या नावाची संस्था २०१३ मध्ये सुरू झाली ती गांधीनगरच्या तात्पुरत्या जागेत. ही मुलांची किंवा प्राध्यापकांची चूक नाही. तिथं शिकलेले माझे मित्र आहेत, हुशार आहेत. प्रश्न आखणीचा आहे. चालू खर्चासाठी केंद्राची मदत सुरुवातीच्या काही वर्षांपुरती, पुढं संस्थेनं आपल्या पायावर उभं राहायचं. आपल्या पायावर म्हणजे कशाच्या जोरावर? मुख्यतः फीच्या. आणि फीवर चालणाऱ्या संस्थेला आधी वर्ग भरावे लागतात, प्रयोगशाळा नंतर. आपण मागायचं संशोधन आणि पदरात पडायचं कॉलेज, असा हा प्रकार.

याच जातकुळीतली पण वेगळी निघालेली संस्था हैदराबादची ट्रिपल आयटी, १९९८ ची. तीही भागीदारीतलीच, पण नफा न घेणारी. जमीन आणि इमारती राज्यानं दिल्या, कारभाराला मोकळीक दिली आणि संशोधनाला पहिल्यापासून मानाचं पान दिलं. भारतीय भाषांच्या यंत्र-अनुवादावर तिथं वर्षानुवर्षं काम चाललंय. भाषेच्या कामातून झटपट नफा कुठला? तरी ते टिकलं, कारण तिथं कुणी तिसऱ्या वर्षी कापड टाकलं नाही.

आता मोठ्या आकड्यांकडं बघू. देश संशोधनावर जीडीपीच्या साधारण ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यातला खासगी उद्योगाचा वाटा जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपास. म्हणून २०२३ च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील असा अंदाज. २०२५ च्या जुलैत केंद्रानं आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, पण ती प्रामुख्यानं उद्योगांना दीर्घ मुदतीचं स्वस्त कर्ज देण्यासाठी आणि बाजाराच्या जवळ आलेल्या तंत्रज्ञानासाठी. टाकाऊ वाळूतून पावसात काय झिरपतं, हा प्रश्न बाजाराच्या जवळ नाही. तो विहिरीच्या जवळ आहे. त्याला कर्ज कोण देणार, आणि घेतलं तर फेडणार कोण?

यावर मित्र दोन गोष्टी म्हणतात. एक, "खासगी पैसा नकोच, सगळं सरकारनं करावं." मला हे पटत नाही. ओतकामाचा खरा प्रश्न काय आहे हे मंत्रालयातल्या अधिकाऱ्यापेक्षा उद्यमबागेतल्या कारखानदाराला जास्त कळतं. आपल्याकडचा बेळगाव फाउंड्री क्लस्टर केंद्राच्या योजनेतून आणि कारखानदारांच्या वाट्यातूनच उभा आहे. पण तपासणी वेगळी आणि संशोधन वेगळं. तपासणीत तुम्ही ठरलेला प्रश्न विचारता आणि दाखला घेऊन जाता. संशोधनात प्रश्नच आधी शोधावा लागतो, आणि उत्तर देणाऱ्याच्या गैरसोयीचं निघू शकतं. वाळूतून विषारी काही झिरपतं असं निघालं, तर तो अहवाल पैसे देणाऱ्याच्या कपाटात जाणार की गावाच्या हातात येणार? हे करारातच लिहिलेलं पाहिजे. नंतर कुणी लिहून देत नाही.

दुसरे म्हणतात, "आधी संस्था येऊ तर दे, मग बघू. दोन राज्यांच्या भांडणात आपल्याला कुणी काही देईना, आणि तू अटी घालूलैस?" या बोलण्यामागचा वैताग मला कळतो. आपण इतकी वर्षं रिकाम्या ताटावर बसलोय की वाढेल ते गोड मानायची सवय लागली आहे. पण जरा बघा, ताट अगदी रिकामं नाही. बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. निजलिंगप्पा साखर संस्था आहे. खानापुरात कुंभारकामाची केंद्रीय संस्था आहे, कारण तिथली माती तशी आहे. म्हणजे मातीत, उसात, रानात जिथं प्रश्न होता तिथं संस्था आली. आपल्यापैकी किती जण त्यांच्या दारातून आत गेलेत?

आणि भागीदारीत जमीन 'राज्याचा वाटा' म्हणून मोजतात ना, ती जमीन बहुतेक वेळा कुठल्यातरी गावाचं गायरान असते, नाहीतर कुणाच्या तरी उताऱ्यावरची. मग गावही भागीदारच झालं की! पण ५०, ३५, १५ च्या हिशेबात गावाला टक्का नाही, मंडळावर खुर्ची नाही, आणि करार त्याला वाचता येईल अशा भाषेत नाही. निदान तो कन्नड आणि मराठीत मिळावा, एवढं मागणं फार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. पुढच्या वेळी कुणी व्यासपीठावरून संस्थेची घोषणा केली की टाळ्या वाजवाच, पण हात खाली घेऊन चार प्रश्न विचारा. दहाव्या वर्षी वीजबिल आणि यंत्रांची देखभाल कोणत्या खात्यातून होणार? भागीदार कंपनी निघून गेली तर तिच्या वाट्याचं काय? निष्कर्ष कुणाचे? नियामक मंडळावर इथलं कोण? उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणात घेणारी संस्था त्या कायद्याखाली येते.

आणि मागणी करताना नेमकी करा. माझी मागणी सांगतो. ओतकामाच्या वाळूवर आणि धुरावर काम करणारी एक छोटी संस्था. तिच्यासाठी टनभर कास्टिंगमागे ठरावीक रक्कम, जशी कापसाच्या गाठीमागे काही आणे होते तशी. सरकारनं तेवढीच भर दरवर्षी घालायची. फाउंड्र्या जशा बेळगावात तशाच कोल्हापुरात, वाळूचा प्रश्नही तोच. दोन राज्यांचे कारखानदार एकाच खात्यात पैसे टाकू शकले, तर ती गोष्ट लहान नसेल. मोठी इमारत नको. भाड्याचा गाळा चालेल. पण यंत्र चालू पाहिजे, आणि ते चालवणाऱ्याचा पगार एक तारखेला पाहिजे.

गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. बाबा आता रिटायर झालेत, पण खोकला रिटायर झालेला नाही. पुन्हा तोच प्रश्न. मी म्हटलं, "बाबा, पंधरा नमुने राहिलेत अजून." ते म्हणाले, "मग ते करणार कोण?"

मी तो प्रश्न इथं तुमच्यापुढं ठेवतोय.