मोजपट्टी कुणाच्या हाती?

धरणाची भिंत सरकारी असते, तलावातील पाणी सार्वजनिक असते; परंतु ते पाणी तलाव सोडून नदीत वा कालव्यात उतरते त्या जागी त्याचे माप कोण घेतो, यावर त्याची खरी मालकी ठरते. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड अशी धरणांची दाटी असलेल्या दिंडोरी तालुक्यात तरी हा प्रश्न टाळता येणार नाही.

पिकाच्या क्षेत्रावर पाणीपट्टी आकारण्याच्या जुन्या पद्धतीत पाणी मोजण्याची गरजच नव्हती. जे मोजले जात नाही त्याची चोरीही सिद्ध होत नाही. साहजिकच कालव्याच्या मुखाशी असलेल्यांची शेते भिजत राहिली आणि पुच्छभागातील शेतकरी कोरड्या चारीकडे पाहत राहिला. हा निसर्गाचा कोप नव्हता. हिशेब न ठेवणाऱ्या व्यवस्थेचे ते फळ होते. वाघाडच्या पुच्छभागात बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९०च्या सुमारास पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापनाने घ्यायचे आणि मापानेच पैसे भरायचे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे २००३ साली संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. २००५च्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर आधार दिला. मोजणी हा तज्ज्ञांचाच प्रांत आहे, असे म्हणणाऱ्यांना वाघाडने कृतीने उत्तर दिले आहे.

मात्र ही लढाई अर्धीच जिंकली गेली आहे. किती पाणी, याचा हिशेब झाला. कसले पाणी, याचा हिशेब कोण मागणार? द्राक्षबागांवरील फवाऱ्यांचा आणि खतांचा अंश पावसाबरोबर ओढ्यानाल्यांत उतरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली. निर्यातीचा माल प्रयोगशाळेत तपासला जातो, कारण परदेशी ग्राहकाला नकार देण्याचा अधिकार आहे. बागेत राबणाऱ्या आदिवासी मजुराला त्याच शिवारातील पाणी नाकारण्याची सोय आहे काय?

प्रवाह आणि प्रत यांची मोजणी एकाच जागी, एकाच वेळी झाली पाहिजे. लिटरमागे दहा मिलिग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो. पण सेकंदाला एक घनमीटर वाहणारी नदी त्या प्रमाणात दिवसाला ८६४ किलो द्रव्य वाहून नेते. धरणाचे दरवाजे उघडले असताना नमुना घेतला की पाणी निर्मळ ठरते आणि उन्हाळ्यातील आटलेली धार कुणी पाहत नाही. प्रवाहाच्या नोंदीवाचून दिलेला शुद्धतेचा दाखला म्हणूनच फसवा असतो.

नांदूरमध्यमेश्वरला कादवा गोदावरीला मिळते आणि बंधाऱ्यामागे त्यांचा तलाव होतो. २०२० साली त्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. पक्ष्यांसाठी जगाने घेतलेली दखल स्वागतार्हच आहे. काठच्या माणसांची दखल मात्र इथल्या राज्यकर्त्यांनीच घ्यायला हवी. प्रत्येक धरणाच्या मुखाशी आणि या संगमावर नियमित मोजणी व्हावी. नमुने पाणीवापर संस्था व ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींसमक्ष घेतले जावेत आणि आकडे फायलीत न जाता चावडीवरच्या फलकावर लागावेत.

ज्यांच्या घामावर पाण्याचे सोने होते, त्यांच्याच हाती मोजपट्टी आली पाहिजे. ती मागून मिळणार नाही; वाघाडलाही ती मागून मिळालेली नव्हती.